जहाजाचा ओटा

"ही आतली केबिन, हिला खिडकीच नाही. ही दुसरी, हिला खिडकी आहे पण उघडत नाही. आणि ही तिसरी, हिला बाल्कनी," भागवत पुण्याहून फोनवर सांगत होता आणि मी टेंभुर्णीत आमच्या ओट्यावर तो फोन आबांच्या तोंडासमोर धरून उभी होते. फोनमध्ये एक पांढरंशुभ्र जहाज होतं आणि जहाजाच्या बाल्कनीत हातात कप घेऊन बसलेली एक गोरी बाई होती. आबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "ह्ये तं ओटाच हाय की." भागवतला ते फार आवडलं. जहाजाचा ओटा, जहाजाचा ओटा म्हणत तो तिकडे कितीतरी वेळ हसत राहिला.

भागवत माझा धाकटा भाऊ. पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि वर्षातून एकदोनदा त्याला आईबापाचा उमाळा येतो. उमाळा आला की तो काहीतरी पाठवतो. मागे अंग रगडणारी खुर्ची पाठवली होती, तिच्या पाठीवर माय गोधड्या वाळत घालते. यंदा आबांची पंच्याहत्तरी होती, म्हणून त्यानं जहाजाची सहल काढली. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीपची बेटं बघायची आणि चार रात्रींनी परत. सगळी म्हातारी जोडपी, सोबत सहल कंपनीचा माणूस. त्यांची तयारी करून द्यायची ती मी, कारण मी जवळ राहते. आमच्या घरात जो जवळ राहतो त्याच्याच गळ्यात सगळं पडतं. मी जालन्याला एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत आहे. ओल्या कागदावर दाणे मांडायचे आणि किती उगवले ते बघायचं, हे माझं काम. रविवारी एसटीनं टेंभुर्णी गाठायची, हे माझं दुसरं काम.

आबा खूश होते. माझे आबा, कचरू पाटील म्हणून पंचक्रोशीत ओळखतात त्यांना. बैलाच्या दातांवर बोट फिरवून वय सांगायचे आणि त्यांचा शब्द कुणी खाली पडू द्यायचं नाही. मला त्यांनीच शिकवलं. भाऊबंद म्हणत होते की पोरीला कशाला कॉलेजात घालता, तर आबा स्वतः मला जालन्याच्या होस्टेलवर सोडायला आले होते, डोक्यावर माझी पेटी घेऊन. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सांगताना मला ते सारखं आठवतं.

फोन बंद करायच्या आधी माय दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. झुंबरबाई तिचं नाव, पण त्या नावानं तिला हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. ती पदराला हात पुसत म्हणाली, "दोघांला एकच खोली का?"

भागवत म्हणाला, "मग काय दोन? नवरा-बायको आहात की कोण आहात?" आबा रस्त्याकडे बघायला लागले. माय आत निघून गेली. मला वाटलं, लाजली.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा फोन केला तेव्हा तिचं काहीतरी नवीन निघायचं. म्हशीचं कोण बघणार, गुडघा धरतो, पाण्यावर पित्त होतं म्हणतात. मी म्हशीची सोय केली, गुडघ्याला पट्टा आणला, पित्ताच्या गोळ्या आणल्या. तरी तिचं चालूच. मी तशी तापट आहे, माझ्याजवळ दम नसतो. लोक असल्या सहलीसाठी जीव टाकतात आणि हिचं आपलं म्हशीपाशी अडलेलं. कवळीच्या मापासाठी ती जालन्याला माझ्याकडे आली तेव्हा मी ठरवलंच होतं, आज हिचा काय तो सोक्षमोक्ष लावायचा.

दुपारी ती मेथी निवडत बसली होती. मी तिच्याशेजारी बसून फोनवर केबिनचे फोटो दाखवले. तिनं समुद्र पाहिला नाही, पलंग पाहिला नाही, भिंतीवरचा टीव्ही पाहिला नाही. म्हणाली, दार कुठं हाय? मी दाखवलं. हे कुठं उघडतं? मी म्हटलं, लांबलचक बोळ असते, दोन्हीकडे खोल्या, तिथं. आणि न्हाणी? मी म्हटलं, न्हाणी आतच. मग ती म्हणाली, म्हणजे रात्रीतून बाहेर निघायचं कामच नाही. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, बिलकुल नाही, सगळं आतल्या आत. तिनं फोन पालथा करून चटईवर ठेवला आणि परत मेथीची जुडी ओढली.

मग माझं डोकं फिरलं. मी बोलायचं ते सगळं बोलले. जन्मात कधी शेगावच्या पुढं गेली नाहीस, पोरगा एवढ्या हौसेनं करून राह्यला, आबा साऱ्या गावाला सांगत फिरतात आणि तुझी नाटकं संपत नाहीत. ती ऐकून घेत होती. जुडी संपली. काड्या तिनं एका कागदात गोळा केल्या.

"दैवा," ती माझं नाव घेऊन म्हणाली, "मला समिंदर दावा, आभाळ दावा, काय बी दावा. पर त्यांच्यासंगं मला दाराआड कोंडू नका."

मी म्हटलं, मारायचे का आबा तुला?

"मारलं असतं तं तुला दिसलं नसतं का? हात न्हाई लावला कधी. तसे न्हाईत ते." तिनं पानं पाण्यात टाकली. "रातच्याला कधी इचारलं न्हाई मला. एकदा बी न्हाई. तापात न्हाई, तुझ्या वक्ताला पोट एवढं आल्तं तवा न्हाई. माझी माय गेली त्या दिवशी बी न्हाई. मी भिताडाकडं तोंड करून पडायची अन् कडी कवा वाजती ते ऐकायची."

मी म्हटलं, आता ते म्हातारे झाले, माय.

"ते झाले. मला दिसतं की. पर अंगाला कळत न्हाई ना ते," ती म्हणाली आणि मेथी धुवायला उठली.

तेव्हा मला आमच्या घराचं सगळं उलगडलं. आमच्याकडे सून घरात आली की सासू-सासऱ्यांची अंथरुणं खोलीतून बाहेर निघतात. आतली एकच खोली, ती नव्या जोडप्याला द्यायची. भागवतचं लग्न झालं तेव्हा आबांची बाज ओट्यावर गेली आणि मायचं अंथरूण चुलीपाशी आलं. बायका हळहळल्या होत्या. बिचारीला या वयात खाली निजायला लागलं, असं मावशी मला म्हणाल्याचं आठवतं. आणि माय त्या लग्नात एवढी खुशीत होती की आम्हाला वाटलं, सुनेचीच हौस फार. पुढे भागवत बायकोला घेऊन पुण्याला गेला, खोली मोकळी झाली. मायनं आठ दिवसांत तिच्यात ज्वारीची पोती रचली, पलंगावर सगळ्या घराच्या गोधड्या चढवल्या, कांदे पसरले. दरवर्षी दिवाळीत मी म्हणायची, ही खोली आवरू. ती म्हणायची, राहू दे, कुणाला लागती? आबांनीही कधी मागितली नाही. ते ओट्यावर, ती चुलीपाशी. ही तिची झोपायची वर्षं होती आणि आम्ही तिला बक्षीस म्हणून परत कोंडायला निघालो होतो.

मी म्हटलं, मग नको म्हण की सरळ. ती म्हणाली, भागवत विचारील का नको. पोराला काय सांगू? लेकीला सांगायलाच तिला सगळं आयुष्य लागलं होतं.

मी भागवतला फोन केला, दोन केबिन घे म्हटलं. कारण काय सांगणार, म्हटलं आबा घोरतात, मायची झोप मोडते. तो हसला. म्हणाला, अक्का, त्यांनी जन्मभर राबण्याशिवाय काही केलं नाही, कधी दोघं मिळून निवांत बसले नाहीत, तेवढ्याचसाठी तर हे करतोय आणि तू त्यांना वेगवेगळं काय करतेस? एवढ्या प्रेमानं बोलत होता की त्याच्यावर चिडताही येईना. मग मी म्हटलं, मी जाते सोबत, तीन जणांची केबिन घे. त्याला ते चाललं असतं. पण रब्बीच्या बियाण्याचे दिवस, प्रयोगशाळेत आम्ही दोघीच, त्यातली एक बाळंतपणाला गेलेली. साहेबांशी मी भांडले. त्यांनी रजा दिली नाही.

राहिले आबा. त्यांच्याशी बोलायचं म्हणून मी मधल्या वारीच गेले. ते ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. मी शेजारी बसले आणि पेरणीचं, ऊसतोडीचं, सगळं इकडचं तिकडचं बोलले. शेवटी एकदाचं म्हटलं, आबा, जहाजावर दोन खोल्या घ्यायच्या का?

"कशाला दोन? फुकटचा खर्चा. ओटा हाय की त्या खोलीला, भागवतनं दाखिवला नव्हं? ती आत निजंल, मी बाहेर. जसं हितं हाय तसं."

मी म्हटलं, बाल्कनीत बाज मावत नाही आबा, दोन खुर्च्या मावतात. ते म्हणाले, बैलबाजारात मी गाडीखाली निजायचो, मला खुर्ची बराबर झाली. मग त्यांनी तंबाखू ओठात धरली, हात झटकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला सांग, मधलं दार आतून लावून घेत जाय म्हनावं."

त्यांना माहीत होतं.

जालन्याहून येताना सबंध रस्ता मी त्यांच्या बाजूनं बोलत आले होते, मनातल्या मनात. जुनी माणसं, त्यांना कोण सांगणार, त्यांच्या बापानं तेच केलं असणार, कळतच नसेल त्यांना. आणि त्यांना सगळं कळत होतं. भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई त्यांना दिसत होती. डोक्यावर माझी पेटी घेऊन होस्टेलच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला ती दिसत होती आणि त्यानं पन्नास वर्षांत एकदाही विचारलं नाही. त्यांनी चहा घेतेस का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं आणि मिळेल त्या गाडीनं निघून आले.

मायला मी फोनवरच सांगितलं, आबा म्हणतात मी बाहेर झोपीन. ती म्हणाली, बाहेर निजतो म्हनले? मी म्हटलं, हो. आणि दार आतून लावून घे म्हणाले. यावर ती एवढंच म्हणाली, मंग घे ती. अशी आमची केबिन ठरली. भागवतला मी सांगितलं, बाल्कनीवाली घे, बाल्कनी जेवढी मोठी मिळेल तेवढी घे. तो म्हणाला, बघ, मी म्हणत नव्हतो? समुद्राची हौस असतेच माणसाला.

दिवाळी झाल्यावर ते गेले. बोटीवर चढताना सहलवाल्या माणसानं काढलेला फोटो भागवतनं सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आबांच्या डोक्याला नवा फेटा, मायच्या अंगावर मी घेतलेली जांभळी साडी, दोघांच्या मधून तिसरा माणूस सहज गेला असता. खाली सत्तर जणांनी हात जोडले आणि बदाम टाकले. मग चार दिवस फोन लागेना.

परत आले ते आबांचा ताप घेऊनच. मी जालन्याच्या स्टेशनवर गेले होते. आबा डब्यातून उतरताना दाराच्या दांडीला धरून उभे राहिले, त्यांना श्वास पुरत नव्हता. तिथूनच रिक्षानं दवाखान्यात नेलं. छातीत पाणी झालं म्हणाले. त्यांना आत घेतलं, नळ्या लावल्या. भागवत रात्रीची गाडी करून निघाला. माय आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो.

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, समुद्र कसा होता गं? ती म्हणाली, पाणीच पाणी, त्यात काय बघायचं. जेवण बरं होतं. एका बेटावर नारळाचं पाणी दिलं. पहिल्या दोन रात्री ती चांगली झोपली. आबा खुर्चीवर बसून समोरच्या खुर्चीवर पाय टाकायचे, घोंगडी पांघरायचे आणि ती काचेचं दार आतून लावून घ्यायची. सहलवाला माणूस विचारायचा, काका, झोप लागली का? आबा म्हणायचे, मस्त.

"तिसऱ्या राती पाऊस आल्ता," माय म्हणाली. "आडवा. सारा ओटा वला झाला. मी जागीच व्हते. त्यांनी काचेवर बोटानं वाजिवलं. म्हनले, झुंबर, आत येऊ का?"

झुंबर. आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. ए, अगं, भागवतची माय, यावर सगळा जन्म जातो. त्यांच्या तोंडून हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. तिनंही ऐकलं नसावं.

"इचारलं त्यांनी," माय म्हणाली. "मी न्हाई म्हनले."

मी तिच्याकडे वळून बसले.

"लई जोरात न्हाई, हळूच म्हनले, पर ऐकू गेलं त्यांला. दुसऱ्यांदा न्हाई वाजिवलं. खुर्ची भिताडाला लावून बसले. मला काचेतून दिसून राह्यले व्हते."

मी विचारलं, बरं वाटलं का, माय? मला वाटतं, माझी फार इच्छा होती की तिनं हो म्हणावं. निदान तेवढं तरी तिला मिळावं.

"वाटायला पाहिजे व्हतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, एकदा का न्हाई म्हनता आलं की सुटन मी. न्हाई सुटले. नुसता पाऊस बघत बसले, सकाळ व्हईस्तवर."

नर्सनं येऊन आजोबांना चहा पाजा म्हणून सांगितलं. मी कप घेतला आणि दारापर्यंत गेले. आत आबा एवढेसे दिसत होते. मला त्यांची कीव आली आणि कीव आली म्हणून स्वतःची चीड आली. चहा गार होईपर्यंत मी तिथंच उभी होते. मग दुसरा आणून पाजला.

सकाळी भागवत आला तो सहल कंपनीवर दात खातच. केस करतो म्हणाला. एवढे पैसे भरून माझा बाप बाहेर भिजतोच कसा, तो माणूस काय करत होता? आबांनी तोंडावरची नळी बाजूला केली आणि म्हणाले, मलाच आत गुदमरायलं व्हतं, त्याची काही चूक नाही. मायनं लगेच पुस्ती जोडली, त्यांला लहानपणापासून बाहेरच निजायची सवय हाय. दोघांनी आधी काही ठरवलं नव्हतं. भागवतचे डोळे भरून आले. बाहेर येऊन मला म्हणाला, अक्का, या वयातही कसे एकमेकांना सांभाळून घेतात बघ. मी मान हलवली.

आठवड्यानं आबांना घरी सोडलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की आता बाहेर झोपणं बंद, गार वारा लागता कामा नये. रात्री खोकला उठला तर उठवून बसवायचं, म्हणून खोलीचं दार उघडं ठेवायचं आणि कुणीतरी ऐकू येईल इतकं जवळ पाहिजे. भागवतनं सगळं ऐकून घेतलं, औषधांचे डबे लावून दिले आणि पुण्याला गेला. मी दोन दिवसांची रजा टाकून टेंभुर्णीला आले.

आमच्या घरात आतली खोली एकच. मायनं कुणाला हात लावू दिला नाही. ज्वारीची पोती तिनं एकेक करून कोपऱ्यात ओढली, कांदे टोपलीत भरले, पलंगावरच्या गोधड्या उतरवल्या. पलंग दिसला तेव्हा मी बघितलं, त्याची गादी अजून नवीच होती. तिनं चादर घातली, उशाला तांब्या ठेवला आणि आबांना हाताला धरून आत नेऊन निजवलं. ते छताकडे बघत पडले.

त्या खोलीचं दार चुलीपाशी उघडतं आणि ते आता लावायचं नव्हतं. माय जरा वेळ चुलीपाशी उभी राहिली. मग तिनं स्वतःची वळकटी काखेत मारली आणि बाहेर गेली. मी मागोमाग गेले. दिवस बुडत होता. रस्त्यानं शेतातली माणसं परतत होती, बायका थांबून विचारत होत्या, पाटलाची तब्येत कशी हाय? ती सांगत होती, हाय बरी, आणि सांगता सांगता आबांच्या बाजेवर आपलं अंथरूण घालत होती. मी म्हटलं, माय, थंडी पडायला लागलीय, सत्तरीला आलीस, गाव काय म्हणेल? तिनं गोधडीचं टोक बाजेखाली खोचलं.

आतून खोकल्याचा आवाज आला. ती उठली, आत जाऊन तिनं आबांना बसतं केलं, पाणी पाजलं, पाठ चोळली. खोकला थांबेपर्यंत ती तिथं होती. मग बाहेर आली, बाजेवर बसली आणि पाय वर घेऊन गोधडी गुडघ्यांवर ओढून घेतली.